माढ्याला जायची तालीम

पंचा डोक्यावर पदरासारखा ओढून, झुपकेदार मिशांवर लाजरं हसू आणून आमचे जॉबर म्हणायचे, ‘‘हं, मी तुझी बायको. बोल.’’

जॉबर म्हणजे गिरणीतल्या मागांवरचे मुकादम. सोलापूरच्या एका गिरणीत आम्ही त्यांच्या हाताखाली होतो. लग्न ठरलेल्या नि नुकत्याच झालेल्या पोरांची ते जेवणाच्या सुट्टीत लिंबाखाली अशी शिकवणी घेत. हसू नका. माझ्या जागी असता तर तुम्हीही जाऊन बसला असता.

दिवसभर मागांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय. घरी ‘पाणी दे’ म्हटलं तरी शेजारी भांडण सोडवायला येत. लग्नाला चार महिने होतात तोच बायको पंचमीला माढ्याला माहेरी गेली, ती गौरी आल्या तरी येईना. ‘जावई सारखे खेकसतात’ असा सासऱ्यांचा निरोप तेवढा आला.

‘‘बोल की,’’ पंच्याखालून जॉबर म्हणाले.

‘‘चल घरी!’’

‘‘शेरडी हाय व्हय ती, हाकलून न्यायला? फिरून बोल.’’

‘‘माझं... काय चुकलं?’’

‘‘आता गप बस. उत्तर येऊ दे.’’

मी थांबलो. ते कडक भाकरी चावू लागले. चावतच राहिले. मी तोंड उघडलं की डोळे वटारत.

‘‘आणि नाही म्हणाली तर?’’ शेवटी मी विचारलं.

‘‘तर न्हाई. एकट्यानं माघारी यायचं. दंडाला धरून ओढलंस, तर माझ्याशी बोलू नको.’’

माढ्याला बायको ओसरीवर शेंगा फोडत होती. मी विचारलं नि गप बसलो. सूप रिकामं झाल्यावर ती म्हणाली, ‘‘मला वाटायचं, तुम्हाला मी आवडतच नाही.’’

‘‘आवडतेस की,’’ मी म्हणालो. इतक्या हळू, की तिनं दोनदा ‘काय?’ विचारलं.

‘‘दसरा करून येते.’’

एकटाच परतलो. तरी जॉबरांनी अख्ख्या खात्याला चहा पाजला. दसऱ्यानंतर ती खरंच आली.

पुढं काही वर्षांनी जॉबर गेले. आम्ही दोघं त्यांच्या घरी, त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना भेटायला गेलो. मी शिकवणीचं सांगितलं, तर वहिनी डोळे पुसता पुसता हसल्या. ‘‘त्यांना कुणी शिकवलं? मीच की. बारा वर्षं लागली बघा.’’

परतताना सात रस्त्याच्या चौकात बायको थांबली. मग म्हणाली, ‘‘आपल्या लग्नाला किती वर्षं झाली हो?’’

‘‘नऊ.’’

‘‘आहेत मग अजून तीन,’’ म्हणाली, आणि पुढं चालू लागली.