वहिनी आणि माळावरचा मेलेला ससा

गल्लीतली सगळी तिला वहिनीच म्हणत. नवरा ट्रकवर, घरी आला तर आला. ससे पाळून विकायचा धंदा तिचा एकटीचा. परसातल्या शेडमध्ये पिंजऱ्यांच्या ओळी होत्या. गिऱ्हाइकाने सशाला कान धरून उचललं, की ती त्याला सरळ हाकलून द्यायची. तोंड फटकळ, हात मात्र हलका.

दीर तिच्याकडेच राहायचा. त्याला शिकारीचा नाद. एका सकाळी तो माळावरून रानससा घेऊन आला आणि शेडमधल्या चाऱ्याच्या फळीवरच सोलायला बसला.

"कुठे मारलास?"

"मारतोय कशाला, आयताच पडलेला मिळाला. तिकडे बरेच मरून पडलेत."

वहिनीने शिव्या घालून त्याला बाहेर काढलं, फळी पाण्याने धुतली. नुसत्या पाण्याने काय होणार?

दोन-तीन दिवसांत थोरला नर किंचाळला. चटका बसलेल्या लेकरासारखा आवाज. तो जाळीवर आपटला, मान मागे ओढली गेली, नाकातून रक्त आलं आणि संपला. पाठोपाठ शेजारच्या माद्या तडफडू लागल्या.

जनावरांच्या डॉक्टरने रक्त पाहूनच ओळखलं. "सशांचं साथीचं दुखणं आहे, रानातून आलंय. बूट, हात, चारा, माश्या, कशावरूनही पसरतं. यावर औषध नाही. चांगले दिसतात त्यांना लस टोचतो. आजारी आहेत त्यांना मारून त्यांची सुटका करायची. एकही ससा बाहेर जाता कामा नये." काम उरकून तो घाईने पुढच्या गल्लीत गेला. तिथे कुणाचा तरी पाळलेला ससा असाच मेला होता.

त्याची पाठ वळली आणि आणखी काही ससे पडले. दिराचा धीर सुटला. पिंजरा उचलून तो फाटकाकडे निघाला.

"माळावर सोडतो यांना. जगायचे ते जगतील. मला हे बघवत नाही."

"ठेव खाली. तिथले उरलेसुरलेही मरतील."

"रानातल्यांचा एवढा पुळका?"

ती फाटकात आडवी उभी राहिली. त्याने पिंजराच तिच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, दात हलला. तिने भिंतीशी टेकवलेलं फावडं उचललं आणि दांडा त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. पिंजरा खाली पडला, पण दार उघडलं नाही.

"हात मोडलाय माझा!" दीर ओरडत होता.

"मोडू दे. आधी बूट काढ. कपडे बदल. मग दवाखाना."

शेजाऱ्याच्या रिक्षात त्याला बसवून ती शेडमध्ये परतली. डॉक्टर फोन उचलेना आणि आत किंचाळणं थांबेना. आजाऱ्यांतल्या एकेकाला मांडीवर घेऊन तिने कानांमागे दांडक्याचा घाव घातला. एका पिल्लाला पहिला घाव नीट बसला नाही. दुसरा घालावा लागला. त्यानंतर ती कोपऱ्यात जाऊन ओकली, तोंड धुतलं आणि पुढचा पिंजरा उघडला. मेलेले सगळे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरले, चारा जाळला, पिंजरे जंतुनाशकाने घासले.

लस टोचलेल्यांतले बरेचसे वाचले.

नवरा परतला तेव्हा बायकोच्या ओठाला टाके, भावाचा हात प्लास्टरमध्ये.

"अगं, एवढं मारायचं का त्याला?"

"फाटक उघडलं असतं तर आणखी मारलं असतं."

दिराला हसू आलं. मग हात ठणकला आणि त्याने दोघांनाही शिव्या घातल्या.