लेकीकडचं धान्य

लोटू चिंधाला हळू बोलताच येत नाही. शेजाऱ्याला 'चहा घे' म्हणाला, तरी समोरच्या इमारतीतल्या माणसाने कप पुढे करावा असा गळा! पण तो गळा देवाने दिलेला नव्हे, सुरतेतल्या बमरोलीच्या कापडखात्याने, म्हणजे कापडाच्या कारखान्याने दिलेला. संच्यांच्या, म्हणजे मागांच्या खडखडाटात उभं आयुष्य गेलं. तिथे ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जात नाही. आवाज चढत गेला आणि कान उतरत गेले. काम सुटलं तेव्हा उजवा कान पार गेला होता, डावा नुसता हजेरी लावायला येत होता.

फटका बसला तो फोनला. धाकटी योगिता लग्न होऊन शहाद्याकडे गेली. रोज फोन करायची. लोटू न ऐकताच "हां, हां" करायचा. एकदा ती म्हणाली, "आप्पा, माझा पाय मुरगळला." लोटू आनंदाने ओरडला, "हां, हां, चांगलं शे!" व्हिडिओ कॉल करावा तर तिकडचं नेट रडकं, ओठही वाचता येईनात. आणि भेटायला तरी किती जाणार? घराण्याचा रिवाज असा, की लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं काही घ्यायचं नाही. गेल्या खेपेला लोटू प्यायच्या पाण्याची बाटलीसुद्धा सुरतेहून भरून घेऊन गेला होता. जावई बिचारा ओशाळून गेला.

शेवटी योगितानेच वाट काढली. लोटू मोबाइलवर किल्ल्यांचा एक खेळ खेळायचा. किल्ला बांधायचा, फौज पाठवून धान्य आणायचं, चार जणांनी मिळून अलायन्स करायची. 'तापीकाठ' अलायन्सचा तो म्होरक्या. खात्यातले वाल्मिक, सुकलाल असे जुने गडी त्याच्या हाताखाली. योगिताने तिथे एक चिमुकला किल्ला बांधला आणि अलायन्समध्ये शिरली. मग रोज दुपारी खेळाच्या पडद्यावर तिचे शब्द उमटू लागले. "आप्पा, जेवन व्हयनं का?" लिहिलेलं वाचायला कान लागत नाहीत. मुरगळलेल्या पायाचंही त्याला इथेच कळलं. बाप-लेक तासभर बोलत बसत. बायको उषाबाई शेजारी बसून, हे लिहा, ते लिहा, असं सांगायची.

अन् तिथेच माशी शिंकली.

तापीकाठाच्या शेजारी 'सूर्यपूर' नावाची अलायन्स होती. म्होरके सुरतेतल्याच अडाजणचे सुधाकर साहेब, बँकेतून निवृत्त झालेले. दोन्ही अलायन्सच्या मध्ये धान्याची दरी. पूर्वी तिच्यावरून मोठी लढाई झाली, मग तह झाला. 'दोन्हीकडच्या सभासदांनी दरीतून धान्य न्यावं, कोणी कोणाच्या फौजेला हात लावू नये.' पण अलीकडे तापीकाठात पाहुणे, भाचे, साडू अशी नव्यांची रांग लागली होती. साहेबांचा निरोप आला: 'सभासद म्हणजे तहाच्या वेळी होते तेवढेच. नव्यांच्या फौजा आम्ही परत पाठवू.'

लोटूने हिशेब केला. धान्य नाही तर योगिताचा किल्ला वाढणार नाही, आणि न वाढणाऱ्या किल्ल्यात पोर किती दिवस रमेल? ती गेली की पुन्हा ते फोनवरचं आंधळं हां-हां!

दोन्ही अलायन्सची खेळातच आवाजी बैठक बसली. लोटूला समोरचं अक्षर ऐकू येईना. आपली पाळी आलीसं वाटल्यावर तो संच्याच्या आवाजात गरजला, "नवा माणूस कुठे जाईल, साहेब? सांगा!"

"हे धमकावताहेत," असं म्हणून साहेब बैठकीतून निघून गेले. संध्याकाळपर्यंत योगिताची फौज दरीच्या तोंडावरून रिकामी परत आली.

"राहू द्या आप्पा," तिने लिहिलं. "मी गेम काढून टाकते."

दुसऱ्या दिवशी सकाळी लोटू बस पकडून अडाजणला गेला. साहेब रोज कुठल्या बागेत फिरतात ते त्यांनी कधी गप्पांत लिहिलं होतं. खेळातल्या फोटोवरून ओळखून बाकाजवळ गाठलं.

"साहेब, मी लोटू! तापीकाठवाला!"

झाडावरची कबुतरं उडाली. साहेबांनी दोन पावलं मागे घेतली. पण समोरचा माणूस ओरडताना हसत होता आणि तळहात डाव्या कानामागे धरून उभा होता. साहेबांच्या लक्षात आलं. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, लोटूला शेजारी बसवलं, आणि एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून दोघे म्होरके एकमेकांना लिहू लागले.

"लोटूभाई, तुम्ही रोज नवे आणता. माझी माणसं सकाळी जातात तर दरी झाडून नेलेली. आम्ही काय करायचं?"

लोटूने दोनदा वाचलं. साहेबांचं खोटं नव्हतं.

"नवा आला की एका जुन्याने आपली फौज घरी ठेवायची," त्याने सावकाश लिहिलं. "जुन्याच्या जागी नवा. दरीला भार नको."

"तुमचे जुने ऐकतील?"

"आधी माझ्या फौजा ठेवतो."

योगिता आपली लेक आहे, हे त्याने साहेबांना सांगितलं नाही. ते मागणं झालं असतं.

वाल्मिक चिडला. "लोटूदादा, तह तुम्ही केला, उपास आम्ही करायचा का?" लोटूने आपल्या पाचही फौजा घरी बसवल्या. ते पाहून सुकलालने एक ठेवली, मग वाल्मिकनेही, कुरकुरत.

नव्यांचे किल्ले वाढले. लोटूचं कोठार मात्र दिवसेंदिवस उतरत गेलं. एका दुपारी पडद्यावर लेकीचे शब्द आले.

"आप्पा, तुमच्याकडे दाणा नाही. मी पाठवते."

पाठोपाठ धान्याच्या गाड्या दिसल्या, आणि खाली बटण: स्वीकारा. लोटूचं बोट वरच्यावर थांबलं. लेकीकडचं कसं घ्यायचं?

उषाबाईने मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं. मग नवऱ्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, त्याला ओठ वाचता यावेत म्हणून.

"ते काय तिना सासरनं शे का? आपली दरीमानं शे. ल्या मुकाट्याने!"

लोटूने बोट टेकवलं. गाड्या कोठारात शिरल्या. मग त्याने सावकाश लिहिलं, "पोहोचलं. तुझा पाय कसा शे आते?"