माझं एक टिंब आणि सासूबाईंची खुर्ची

गोंदवून घेताना किती दुखतं, हे मी अधिकारवाणीनं सांगू शकतो. कारण माझ्या दंडावर एक संपूर्ण टिंब गोंदलेलं आहे.

त्याचं असं झालं. सासूबाई बिडकीनहून आमच्याकडे बजाजनगरला आल्या होत्या. नेहमीप्रमाणे त्या डोक्यावर पदर घेऊन खाली सतरंजीवर, आणि मी खुर्चीवर. (जावयासमोर खुर्चीवर बसायचं नाही, हा त्यांचा नेम. आमच्या लग्नापासून त्यांनी तो मोडला नाही, आणि मीही कधी मोडा म्हणालो नाही. मान कुणाला नको असतो?) त्यांचे कोपरापर्यंत गोंदलेले हात बघून मी बोलून गेलो, "त्यात काय एवढं? मुंगी चावल्यासारखं वाटत असणार!"

"अहो, मग घ्या की माझं नाव गोंदून!" बायको म्हणाली. "आईसमोर बोललात, आता मागं फिरायचं नाय."

जावयाची इज्जतच पणाला लागली! दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शहागंजातल्या टॅटूच्या दुकानात. तिथल्या पाय वर करणाऱ्या खुर्चीत मी ऐटीत आडवा झालो. दंडाला काहीतरी गार लागलं आणि मी किंचाळलो, "मेलो!"

"अब्बी तो खाली रुई लगाया भाई," टॅटूवाला म्हणाला. "मशीन किदर चालू किया?"

मग त्यानं ती चालू केली. सुई टेकली मात्र, मी बायकोचा हात घट्ट धरला. तो सासूबाईंचा निघाला! (त्यांच्याशी मी आजवर मान वर करून बोललोही नव्हतो.) "आई, वाचवा!" एवढंच म्हणालो आणि डोळ्यांपुढं अंधारी आली.

शुद्धीवर आलो तर मी बाकड्यावर, बायको वारा घालतेय, आणि खुर्चीत... सासूबाई!

"माझी ही तुळस लई पुसट झाली, तेवढी उजळून दे बाबा," असं सांगून त्यांनी हात पुढं केला होता. मशीन घरघरत होती आणि सासूबाई म्हशीचं दूध कसं आटलं ते सांगत होत्या. चेहऱ्यावरची रेघ हलेल तर शपथ! शेवटी टॅटूवालाच घाबरला. "अम्मा, दुखता नै?"

मीही बाकड्यावरून विचारलं, "आई, खरंच दुखत नाही?"

"दुखतं की, जावईबापू! लई दुखतं. एवढीशी व्हते, परकरातली. चौघींनी दाबून धरलं अन् सुया टोचल्या. रडले, तं माय म्हनली, एवढं सोसंना तर सासरी कशी नांदशील?"

मी गारच पडलो. ज्याला मी इतकी वर्षं नक्षी समजत होतो, ते एका चिमुरडीनं दात आवळून सोसलेलं होतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. (पडलोही. वाकताना पुन्हा चक्कर आली.)

बायकोचं नाव अजून व्हायचंच आहे. ते टिंब ती पाहुण्यांना तीळ म्हणून सांगते.

सासूबाई आल्या की आता मी स्वतः त्यांच्यासाठी खुर्ची सरकवतो. "बसते बापा," त्या म्हणतात, "तिथं बसलेच की तुमच्यापुढं, आता कशाची लाज?" मी खाली सतरंजीवर बसतो. माझ्यासारख्याला तेच बरं. चक्कर आली तर फार खाली पडावं लागत नाही!