दगडापुढचं सारवण

आमचा मूळ पुरुष निजामाच्या काळात निलंग्याच्या पलीकडे, सरहद्दीच्या रानात येऊन राहिला. त्यानं झाडं तोडली, जमीन वहितीला आणली आणि पुढे घोडा घेऊन रिसाल्यात शिपाई झाला. अंगावर वर्दी चढताच त्यानं पहिलं काम काय केलं, तर त्या जमिनीवर हक्क सांगणाऱ्या माणसाला घोड्याला बांधून शिवेपर्यंत फरफटत नेलं. माणूस वाटेतच मेला. आमच्या घरात ही गोष्ट जेवताना सांगतात आणि सगळे हसतात. मीही हसायचो.

शिवेवर या शिपायानं जिवंतपणीच स्वतःच्या नावानं रोवलेला, शेंदूर लावलेला दगड आहे. त्या फरफटून मारलेल्या माणसाच्या घरातल्या बाईनं दर दसऱ्याला त्यापुढची जागा सारवायची, हा रिवाज त्यानंच घातला. तो अजून चालू आहे.

त्या घरात आता एक म्हातारी आणि तिची नात. म्हातारीचं आठवड्यातून दोनदा लातूरला डायलिसिस. नात नर्सिंग शिकते. सातवीत मीच तिला इतिहास शिकवला. मागच्या दसऱ्याआधी ती माझ्या चुलत्यांकडे आली. आजीला आता बसवत नाही आणि आपण हे काम करणार नाही, असं तिनं सरळ सांगितलं. मला तिचा अभिमान वाटला. चुलत्यांनी तिला चहा पाजला.

"नको करूस, पोरी," ते म्हणाले. "पण तुमची वाट आमच्या वावरातून हाय, एवढं ध्यानात ठिव."

दुसऱ्या दिवशी त्या वाटेवर बाभळीच्या काट्या पडल्या. चुलत्यांनी सांगितलं आणि मी टाकल्या, ट्रॅक्टरभर. म्हातारीला न्यायला आलेली रिक्षा तिथूनच माघारी गेली. तिला खाटेवर घालून न्यायला निघाले, तर चुलत्यांनी वावरात पाय टाकू दिला नाही. तिसऱ्या दिवशी तिचं तोंड सुजलं. मी शाळेत आठवीला समता शिकवत होतो.

दसऱ्याला सकाळी नात शेणाची पाटी घेऊन आली. आमचं सगळं घर बघत उभं होतं. तिनं सारवलं. चुलत्यांनी एक कोपरा बोटानं दाखवला, तो तिनं पुन्हा सारवला. मग हात न धुताच माझ्याकडे वळली.

"सर, काट्या काढता का? रिक्षा उभी हाय."

मी धावत गेलो. तिनं अजून मला सर म्हटलं, याचंच मला बरं वाटत होतं. इतका हलकट आहे मी.