दुरुस्तीला दिलेली सायकल

मागच्या चाकातून टक टक असा आवाज येत होता. बाकी सायकल उत्तम होती. ब्रेक लागत होते, डायनामोवर दिवा पेटत होता, घंटी गंगापूर रोडच्या गर्दीतही ऐकू जात होती. त्या एका आवाजापायी मी ती दुरुस्तीला दिली आणि पुढचे आठ महिने तिच्यावर बसू शकले नाही.

सायकल मी निफाडच्या एका निवृत्त नर्सबाईंकडून घेतली होती. त्यांच्या मुलाच्या शेडमध्ये ती द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटखाली दबलेली होती. जुनी विलायती लेडीज सायकल, काळी, ब्रेकला वायरीऐवजी लोखंडी सळया, सीट रुंद आणि स्प्रिंगची. तिच्यावर पाठ ताठ ठेवूनच बसावं लागतं, आणि तसं बसलं की लोकांच्या कंपाउंडच्या भिंतीवरून आतली झाडं दिसतात. गिअरची हलकी सायकल माझ्याकडे आहेच. पेठ रोडनं सावळघाट चढायचा तर तीच हवी, आणि तो चढ मला मनापासून आवडतो. पण शाळेतून घरी येताना मला काळी हवी असायची.

आमचा पंचवीसेक जणांचा गट आहे. इतर रविवारी आम्ही गिअरच्या सायकली काढून लांब जातो, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी जुन्या सायकली घेऊन गावातून हळूहळू फिरतो. त्या दिवशी कुणी कोट घालून येतं, कुणी टोपी, आणि चहाच्या टपरीवर तासभर फक्त सायकलींवर बोलणं होतं. या बोलण्यात सगळ्यात पुढे असतात आमचे काका. सगळेच त्यांना काका म्हणतात. ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. मी शाळेत गणित शिकवते म्हणून ते मला मॅडम म्हणतात.

मार्चमधल्या एका रविवारी त्यांनी माझ्या सायकलीचं मागचं चाक उचलून फिरवलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हबमधला कोन, छर्रे ज्यावर फिरतात तो, खराब झालाय. माझ्याकडे सोडा. दोन दिवसांचं काम आहे."

मी सोडली. मला आनंदच झाला होता. विमानं जोडलेला माणूस माझी सायकल जोडणार!

एप्रिलमध्ये ते म्हणाले, बाजारात मिळतो तो कोन मऊ लोखंडाचा असतो, मी स्वतः करून घेतोय. मी नववीचे पेपर तपासण्यात बुडाले होते, बरं म्हटलं. मे महिन्यात कोन तयार झाला, पण त्यात दोन थाउचा फरक होता. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे त्यांनी मला टपरीवर बोटं जवळ आणून दाखवलं. बोटांमध्ये मला काहीच फट दिसली नाही. जूनमध्ये रिंगेचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचं निघालं. जुलैमध्ये हवेतल्या ओलीनं रंग वाळेना.

"रंग?" मी विचारलं. "काका, रंगाचं तर आपलं काहीच ठरलं नव्हतं."

"एवढं उघडलंय तर करून टाकू ना. कारखान्यात एक नट ढिला राहिला तर माणूस खाली येतो, मॅडम."

"मी जमिनीवरच असते हो," मी म्हणाले. सगळे हसले. ते हसले नाहीत.

ऑगस्टमध्ये फ्रेम एक सूत वाकडी निघाली. सप्टेंबरात गणपती. ऑक्टोबरमध्ये त्यांनी हँडलच्या वाट्या काढल्याचं सांगितलं, तेव्हा मी रागानं गिअर इतका जोरात टाकला की साखळी उतरली. ती बसवायला तेच थांबले. दहा सेकंदांत बसवली. त्याचाही मला राग आला.

दर पहिल्या रविवारी मी गिअरच्या सायकलीवर त्या मिरवणुकीच्या शेवटी असायचे. पुढे सगळे घंट्या वाजवत बैलगाडीच्या चालीनं चाललेले, मागे मी, सारखा ब्रेक दाबत. रविवार कारंज्यावर एका दुकानदारानं हटकलंच, "ताई, तुमची जुनी दुरुस्त झाली नाही का अजून?" माझ्या शेजारी काकाही असायचे, तेही गिअरच्या सायकलीवर. जुन्या सायकलींवर सगळ्यात जास्त बोलणारा हा माणूस, आणि मी त्यांना जुन्या सायकलीवर बसलेलं एकदाही पाहिलं नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला सात महिने लागले. आणि मी गणित शिकवते.

दिवाळीच्या सुट्टीत मी न कळवता त्यांच्या घरी गेले. अमृतधामला त्यांचं छोटं बैठं घर आहे. दार काकूंनी उघडलं. काका बँकेत गेले होते, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला.

"सायकलचं विचारायला आलात ना?" काकू म्हणाल्या. मी हो म्हणायच्या आत त्या मागच्या खोलीकडे वळल्या होत्या.

खोलीत चार फ्रेम भिंतीला टेकवून ठेवलेल्या. वर कड्यांना चाकं टांगलेली. आणि मांडणीवर डबेच डबे, आइस्क्रीमचे, श्रीखंडाचे, मिठाईचे. प्रत्येकावर चिठ्ठी, बारीक सुबक अक्षरात. 'मॅडम – मागचा हब – डावी बाजू – छर्रे नऊ.' 'मॅडम – हँडलची वरची वाटी.' मी एक डबा उघडला. छर्रे तेलात ठेवलेले, आरशासारखे चकचकीत. इतकी काळजी माझ्या कुठल्याच वस्तूची कुणी घेतली नव्हती, आणि मला तो डबा फेकून द्यावासा वाटत होता.

"या घरात आलेली सायकल बाहेर जाताना मी अजून पाहिली नाही," काकू म्हणाल्या. मग त्यांनी कोपऱ्यातल्या निळ्या फ्रेमवर हात ठेवला. "ही माझी. सरकारी छापखान्यात नोकरीला होते तेव्हा रोज हिच्यावर जायचे. हे निवृत्त झाले त्या आठवड्यात म्हणाले, छान करून देतो."

"नऊ वर्षं?"

"विचारायचं सोडलं मी. विचारलं की आणखी एक काहीतरी निघतं."

मी तिथे उभी राहून म्हणाले, "काकू, मी माझी घेऊन जाते. आत्ता." आठ महिने जे त्यांच्या तोंडावर बोलायला हवं होतं, ते मी त्यांच्या पाठीमागे करत होते, हे मला तेव्हाही कळत होतं.

"न्या," काकू म्हणाल्या. "आणि माझीही न्या."

"तुम्ही येता बरोबर?"

"नाही. ते घरी आले की मला इथं असायला हवं. त्यांना मीच सांगीन."

दोन फ्रेम, चार चाकं आणि सव्वीस डबे एका रिक्षात मावत नाहीत, पण त्या दिवशी मावले. साखळीची झाकणं गच्चीत रंग वाळवायला टांगली होती, ती घाईत तशीच राहिली. रिक्षावाला भद्रकाली येईपर्यंत पुटपुटत होता. मी मांडीवर चाक धरून बसले होते.

भद्रकालीत एका गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे चाचा सायकली दुरुस्त करतात. शाळेतल्या मुलांच्या सायकली मी त्यांच्याकडेच पाठवते. त्यांनी चष्मा वर करून सगळा ढीग बघितला.

"सामान पुरं हाय ना, ताई?"

"साखळीची झाकणं सोडून सगळं."

"मग काय, दोन-तीन घंट्याचं काम. बसा."

मी स्टुलावर बसले. चाचांनी रॉकेलचं मोठं तसराळं पुढे ओढलं, पहिला डबा उघडला आणि आतले छर्रे त्यात ओतले. मग दुसरा डबा. मग तिसरा.

"चाचा, ते वेगवेगळे आहेत! त्यांवर लिहिलंय!"

"इतकं बारीक कोण वाचतं?" ते हात न थांबवता म्हणाले. "छर्रा छर्राच असतो, ताई."

डावे, उजवे, माझे, काकूंचे, सगळे एकाच रॉकेलमध्ये गेले. मी उठून थांबवू शकले असते. थांबवलं असतं तर सव्वीस डबे घेऊन पुन्हा अमृतधामला जावं लागलं असतं. मी बसून राहिले आणि रिकाम्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत राहिले.

संध्याकाळच्या नमाजाला जाण्याआधी चाचांनी दोन्ही सायकली उभ्या केल्या. दहीपुलावरून अशोकस्तंभाकडे मी माझ्या काळ्या सायकलीवर निघाले, आणि पहिल्या दहा मिनिटांत सगळं विसरले. पाठ ताठ, हात मोकळे, समोरच्या माणसांची डोकी माझ्या नजरेच्या खाली. गंगापूर नाक्यापाशी गर्दी थोडी कमी झाली आणि मला तो ऐकू आला. टक. टक. मी उतरले, चाक उचलून फिरवलं. तोच आवाज, तीच जागा. मला रस्त्यातच रडायला आलं. मग हसू आलं. मग पुन्हा वरच बसले, कारण घरी तर जायचं होतं.

चाचांकडे ठेवलेली काकूंची सायकल दुसऱ्या दिवशी त्या स्वतः येऊन घेऊन गेल्या. बसनं आल्या आणि सायकलवर परत गेल्या. पुलावर वाऱ्यामुळे भीती वाटली म्हणून तेवढा पूल चालत गेले, असं त्यांनी फोनवर सांगितलं. काकांबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "जेवले. बोलले नाहीत."

तीन रविवार काका आले नाहीत. गटात कुणी विचारलं की मी बुटाची लेस बांधायला खाली वाकायचे. चौथा रविवार डिसेंबरचा, महिन्यातला पहिला. ते आले, नेहमीसारखे गिअरच्या सायकलीवर. त्या दिवशी फेरी गावाबाहेर गिरणारे रोडपर्यंत लांबली. तिथे चहाला थांबलो तेव्हा माझ्या सायकलीपाशी उकिडवे बसले. हात लावला नाही, फक्त बघितलं.

"हे डावं पॅडल हिचं नाही," ते म्हणाले. "हे आमच्या घरातल्या सायकलीचं आहे."

"चालतंय ना पण."

"चालतंय." ते उठले. गुडघ्यावर हात टेकून उठावं लागलं त्यांना. "छर्रे कुठल्या बाजूचे कुठे गेलेत, ते त्या चाचांना तरी माहीत आहे का?"

"आठ महिने, काका."

"मला माहीत आहे किती महिने. तारखा लिहिल्यात माझ्याकडे."

"मग दिली का नाहीत?"

"झाली नव्हती."

"ती कधीच होणार नव्हती!" माझा आवाज चढला. टपरीवरची दोन माणसं वळून बघायला लागली.

"कारखान्यात काम एकानं करायचं आणि दुसऱ्यानं तपासून सही करायची," काका म्हणाले. "सही झाली की ते माझ्या हातातून गेलं. घरी कोण आहे सही करायला? मीच करतो, मीच तपासतो. माझंच मला पटत नाही."

माझा राग अर्धा उतरला आणि अर्धा अधिकच भडकला. "हे तुम्ही मला मार्चमध्ये सांगायला हवं होतं."

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही फक्त कधी देता ते विचारत होता."

"मग आणा कागद. मी सही करते."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?" ते म्हणाले. चेष्टेनं नव्हे, खरोखरच. आणि ते खरंही होतं. मी ग्लास ठेवला आणि निघाले. मखमलाबादच्या अलीकडे त्यांनी मला मागे टाकलं आणि दिसेनासे झाले. जुन्या सायकलीवर त्यांना गाठणं शक्यच नव्हतं.

त्यानंतर भांडण म्हणावं असं काही राहिलं नाही, आणि मिटलंही नाही. काकू रोज निळ्या सायकलीवर भाजी आणतात. चाक फ्रेममधून बाहेर काढायचं नाही, या अटीवर काका तिला तेल घालतात. पॅडलांची अदलाबदल करायला त्या तयार नाहीत. त्यासाठी सायकल मागच्या खोलीत न्यावी लागेल म्हणतात. मीही माझी देत नाही. काका विषय काढतात, मी नाही म्हणते, आणि नाही म्हणून झालं की त्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर मला आठवतं आणि दिवसभर बेचैन वाटतं. एका फिटरला त्याचं काम पुरं करू दिलं नाही, असं वाटतं. मग शाळेतून येताना मागच्या चाकाचा आवाज ऐकू येतो आणि वाटतं, आठ महिने पुरे नव्हते का?

परवा गिअरच्या सायकलींवर पेठ रोडला गेलो होतो. घाटाच्या पायथ्याशी सगळे थांबून पाणी प्यायले. चढाला लागलो. दुसऱ्या वळणावर माझा दम तुटायला लागला तेव्हा काका माझ्या पुढेच होते. मागे न बघता, नुसतं ऐकून म्हणाले, "एक गिअर खाली घ्या, मॅडम."

मी दोन वळणं गिअर मुद्दाम खाली घेतला नाही. मग घेतला.