पूल झाल्यावर

रेल्वेचं फाटक असलेल्या गावात किस्से फार साचतात. फाटक लागलं की माणूस थांबतो, आणि थांबलेल्या माणसाला बोलण्याशिवाय दुसरं काम काय? आमच्या परभणी जिल्ह्यातलं हे गाव तर फाटकात उभं राहूनच म्हातारं झालेलं. मी इथं लग्न होऊन आले त्याला अजून वर्ष व्हायचंय, आणि मी तशी कमी बोलते. कमी बोलणाऱ्याला ऐकू मात्र जास्त येतं. त्यातले हे थोडे.

*

मी मूळची जिंतूरची. जिंतूरला रेल्वे नाही. एसटी चुकली तर आम्ही दुसऱ्या एसटीची वाट बघतो. ती गावातून जाताना सगळं गाव हात बांधून उभं राहत नाही!

मला पाहायला मंडळी अकराला येणार होती, ती आली दीडला. तोवर पोह्यांचे खडे झाले होते. सासरे, म्हणजे आताचे मामा, खुर्चीत टेकता टेकता म्हणाले, "फाटक लागलं होतं." बस्स. माफी नाही, खुलासा नाही. फाटक म्हणजे जसं काही ग्रहण!

चहा झाल्यावर माझ्या वडिलांनी विषय काढला. "पोरगी बीएड हाय. तुमच्या गावातल्या शाळेत गणिताच्या बाईची जागा निघालीय म्हणे. नोकरी करू द्याल का?"

सासूबाईंना मी आता आत्या म्हणते. त्यांनी तिथंच सांगून टाकलं, "शाळा हाय फाटकाच्या पल्याड. आमची सून रोज त्या गर्दीत तास तास उभी राह्यलेली मला चालायची न्हाई. पण पूल व्हायलाय की! पूल झाल्यावर खुशाल करू दे."

"कधी होतोय पूल?"

"झालाच समजा," मामा म्हणाले. "निस्ता मधला तुकडा राह्यलाय."

वडिलांनी समाधानानं मान हलवली. मधला तुकडा सोडला तर पुलात दुसरं काय असतं, हे त्यांच्या बिचाऱ्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं. पण मुलगी पाहायला आलेत म्हटल्यावर मुलीनं खाली बघायचं असतं.

*

लग्न जिंतूरला लागलं आणि दुपारी वरात इकडं आली. बँड मानवतचा, एकदम जोरदार. फाटकाशी आलो आणि फाटक लागलं. पलीकडच्या बाजूला बघतो तर आणखी एक वरात उभी! रुळांच्या अल्याड आमचा बँड, पल्याड त्यांचा. दोन्हीकडं इरेला पेटले. मध्ये मालगाडी.

आमच्या गावात फाटक उघडल्यावर कुणी डाव्या बाजूनं जात नाही. सगळे समोरून जातात, आणि समोरचेही समोरूनच येतात. त्या घुसळणीतून आम्ही कसेबसे बाहेर पडलो आणि घरी पोचलो, तर मागं सामसूम. बँडच नाही!

मामांनी बँडमास्तरला फोन लावला. "कुठं हाव तुमी?"

"मालक, दारात! नवरी उतरलीय, बाया ओवाळायल्यात. लय भारी चाललंय!"

"कुणाची नवरी?"

बराच वेळ पलीकडून नुसती सनई. मग मास्तर म्हणाला, "यायलोच मालक. पण फाटक लागलंय."

*

घरात आल्यावर कळलं, रांगेत माझी नोकरी एकटी नव्हती. मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पूल झाल्यावर, कारण मोठा दवाखाना पल्याड. नवा फ्रिज पूल झाल्यावर. मी माहेराहून आणलेली कॉलेजातली स्कूटी अंगणात कव्हर घालून उभी केली होती. ती चालवायची पूल झाल्यावर. शेजारच्या काकूंनी तर उधार नेलेली इडलीपात्रं मागितली तेव्हा मला हेच सांगितलं! इथं कुणी कुणाला तोंडावर 'नाही' म्हणत नाही. पूल आहे ना.

शाळेतल्या मोठ्या बाई मात्र दुसऱ्या गावच्या असाव्यात. त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं, "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जागा धरून ठेवते. सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी आलात तर तुमची, नाहीतर दुसऱ्या बाई तयार आहेत."

*

मधला तुकडा कुणी बांधायचा यावर दोन खात्यांचा पत्रव्यवहार चालू होता. आमच्या बाजूचा चढ तयार, पल्याडचाही तयार, मध्ये नुसतं आकाश. एवढा मोठा रिकामा, स्वच्छ, उन्हातला उतार वाया कसा जाऊ द्यायचा? गल्लीतल्या बायकांनी उन्हाळ्यात तिथं वाळवणं घातली. आत्यांची जागा सगळ्यात वर. चार विटा ठेवून त्यांनी ती गेल्या वर्षीच धरली होती.

एका दुपारी जीपमधून कुणी मोठे साहेब उतरले. हातात नकाशा, मागं चार माणसं. साहेबांनी चढावर पाय टाकला आणि आत्या गरजल्या, "ओ साहेब! बूट काढा!"

साहेब चपापले. "बाई, हा सरकारी पूल आहे."

"असंल. कुरडया माझ्या हायेत."

साहेबांनी बूट काढले हो! भर मे महिन्यात, तापलेल्या सिमेंटवर. एका पायावर, मग दुसऱ्या पायावर, असे उड्या मारत ते वरपर्यंत गेले आणि त्याच चालीनं खाली आले. मागची चार माणसं नकाशाआड हसत होती.

महिनाभरात मधल्या तुकड्याचं सामान येऊन पडलं. मामा अजून म्हणतात, "अर्ज करून काय व्हतंय? साहेबाचे पाय भाजावे लागतेत."

*

नव्या जोडप्यांना म्हणे थंड हवेच्या ठिकाणी जायचं असतं. आमचं ठिकाण फाटक. घरात एवढी माणसं की नवऱ्याशी चार शब्द बोलायचे तर बाजाराचं निमित्त काढायचं आणि मोटारसायकलवर फाटकात अडकायचं.

ह्यांना शिट्टीवरून गाडी ओळखता येते, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. "ही मालगाडी. चुडावा स्टेशन सोडलंय. अकरा मिनिटं," असं म्हणून ते इंजिन बंद करायचे. मग आमचा संसार सुरू. हमीदचाचा हातगाडीवरून भाजलेल्या शेंगांचा पुडा आणून द्यायचे. त्यांचं सगळं गिऱ्हाईक फाटकातलं. "बहू, ये पूल हुआ तो मेरी फल्ली कौन खाएगा?" असं ते दर वेळी विचारायचे. मी शेंगा सोलत राहायची. मला पूल हवा होता, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

एकदा मी हळूच ह्यांच्याकडं नोकरीचा विषय काढला. दिवाळी जवळ आली, आत्यांशी बोला ना, तुम्ही बोललात तर ऐकतील, वगैरे. मी आयुष्यात इतकं सलग बोलले नव्हते. हे मान हलवत होते. आणि मागून एक टेम्पोवाला ओरडला, "वैनी, गाडी जाऊन लय वेळ झाला! राह्यलेलं घरी जाऊन बोला!"

घरी पोचायच्या आत आत्यांना सगळं पाठ झालेलं. "म्हून म्या म्हणते," त्या एवढंच म्हणाल्या, "फाटकात बोलू न्हाई."

*

दसऱ्याला पूल खरंच पुरा झाला. पण उघडला नाही. ज्यांच्या हातून फीत कापायची त्यांना वेळ नव्हता. दोन्ही तोंडाशी पिंपं लावली, 'पूल बंद आहे' अशी पाटी टांगली, आणि तयार पुलाखाली गाव पुन्हा फाटकात उभं. मी कॅलेंडरकडं बघत होते. दिवाळीही होऊन गेली, आणि शाळा उघडायला तीन दिवस उरले होते.

तेवढ्यात एक धनगर आपली मेंढरं घेऊन आला. पिंपांच्या फटीतून एक मेंढरू शिरलं, मागोमाग सगळी. अख्खा कळप वाजतगाजत पलीकडं उतरला. पोलीस धापा टाकत आला. "पाटी दिसत न्हाई का? बंद हाय म्हून लिव्हलंय!"

"मला वाचता येत न्हाई, साहेब."

"अन् मेंढरं?"

"ती बी साळंत न्हाई गेली."

मेंढरांनी उद्घाटन केलं हे गावभर झालं, आणि ज्यांना वेळ नव्हता त्यांना दोन दिवसांत वेळ मिळाला. लाल गालिचा लेंड्यांवरच अंथरला. फीत कापताना पाहुणे म्हणाले, "या पुलावर पहिलं पाऊल ठेवण्याचं भाग्य मला लाभलं." टाळ्या सगळ्यात जोरात धनगरानं वाजवल्या.

*

दुसऱ्या दिवशी शाळा उघडायची होती. सकाळी मी लवकर आवरलं. मी स्कूटीचं कव्हर काढलं, पुसली, डबा अडकवला. आत्या ओसरीवरून बघत होत्या.

"आधी पूल तरी कसा हाय ते बघू दे," त्या म्हणाल्या. "मला घेऊन चल. नोकरीचं मंग बघू." आणि माझ्यामागं बसल्या. पुढं मोटारसायकलवर हे आणि मामा.

सगळं गाव सहकुटुंब पुलावर आलं होतं. मोटारसायकली, ऑटो, ट्रॅक्टर, बैलगाडीसुद्धा. हमीदचाचांनी गाडा ढकलत ढकलत थेट माथ्यावर आणला होता. आम्ही त्यांच्यापाशी पोचलो, आणि खालून शिट्टी आली.

सगळं गाव थांबलं.

कचाकच ब्रेक लागले. इंजिनं बंद झाली. ऑटोवाला उतरून तंबाखू मळायला लागला. ट्रॅक्टरवाल्यानं मान मागं टाकून डोळे मिटले. ह्यांनी पाय खाली टेकवला आणि मामांना सांगितलं, "मालगाडी. अकरा मिनिटं." हमीदचाचांनी एकदा सगळीकडं नजर फिरवली, वर आकाशाकडं बघून हात जोडले आणि आवाज टाकला, "गरम फल्लीऽऽ!"

आत्यांनी माझा खांदा दाबला. "थांब गं! दिसत न्हाई का, गाडी यायलीय!"

मी थांबले नाही.

ऑटो आणि बैलगाडीच्या मधून काढली, ह्यांच्या शेजारून काढली. हे तोंड उघडं ठेवून बघत राहिले. खाली डब्यांमागून डबे धडधडत होते, पायाखाली पूल थरथरत होता, आणि आत्यांनी दोन्ही हातांनी माझी कंबर घट्ट धरली होती. उतार लागला. पुढं सगळा रस्ता रिकामा.

आम्ही पार खाली उतरलो. मग हातांची पकड जराशी सैल झाली आणि मागून आवाज आला,

"किती वाजता भरती गं तुझी शाळा?"