आपण वाचणार नाही

"नाही हो, मुलगी इंग्लिश मीडियमची आहे. तिला आम्ही आणि आपण सारखंच."

हे वाक्य मी हेडफोनमधून ऐकलं. रेकॉर्डिंगच्या बंद खोलीत मी एकटीच होते. काचेपलीकडे सर माझ्याकडे पाठ करून फोनवर बोलत होते. बाहेरच्या माणसाला आतल्या कलाकाराशी बोलता यावं म्हणून तिथल्या टेबलावर एक माइक असतो, त्याला टॉकबॅक म्हणतात. त्याचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. सर ज्यांच्याशी बोलत होते त्या मुंबईच्या बाई मला ऐकू येत नव्हत्या. सर मात्र अगदी कानाशी बसल्यासारखे ऐकू येत होते.

"मान्य, मान्य. चूक आहेच. आता या पोरी, घरात एक बोलतात, शाळेत एक, बाहेर हिंदी. एकही धड नाही. पुढच्या सीझनला मी दुसरं कुणीतरी बघतो. तुम्ही निश्चिंत राहा."

माझ्या हातात एक कागद होता. ज्या ओळीबद्दल हे सगळं चाललं होतं ती त्या कागदावर होती. टाइप केलेली ओळ माझी. तिच्यावर लाल पेनानं काट मारून वर लिहिलेली ओळ सरांची.

गारखेड्यात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर हा स्टुडिओ आहे. परदेशी अंतराळ मालिका तिथं मराठीत होतात आणि मुंबईच्या एका मोबाइल अ‍ॅपवर दिसतात. फोनवरच्या बाई त्या अ‍ॅपच्याच. अंतराळात सगळं शांत असतं, पण खालच्या क्लासची घंटा वाजली की यान थांबवून टेक पुन्हा घ्यावा लागतो. इंग्लिश संवादांचं मराठी करणं हे माझं काम. त्यावरून हात फिरवणं हे सरांचं. सरांनी तरुणपणी एकांकिका बसवल्या होत्या, त्यांच्या ढाली अजून कपाटावर आहेत. मालिकेच्या शेवटी 'संवाद' या शब्दाखाली त्यांचं नाव येतं. माझं येत नाही. त्याबद्दल मी कधी काही बोलले नव्हते. मी तशीही कशाबद्दल फारसं बोलत नाही.

या मालिकांमधली माणसं कशी बोलतात ते मला पाठ झालं होतं. ती एकमेकांना माहीत असलेल्या गोष्टी सांगतात. "तुला माहीतच आहे, आपलं यान पृथ्वीवरून निघून अकरा वर्षं झाली." माहीत आहे, तर सांगतोस कशाला? माझ्या आईनं बाबांना कधी सांगितलं नाही, की तुम्हाला माहीतच आहे, आपल्याला एक मुलगी आहे. यानात एक हुशार बाई असते, शास्त्रज्ञ. इतकं शिकून तिचं काम एकच, दर दहा मिनिटांनी "म्हणजे काय?" असं विचारायचं. मग एक पुरुष तिला समजावून सांगतो. कुणी जिन्यावरून पडलं तर दुसरा विचारतो, "तू ठीक आहेस?" आपल्याकडं पडलेल्या माणसाला असं कोण विचारतं? "लागलं का गं?" असं विचारतात. मी तसं लिहिलं, की सर खोडून परत "तू ठीक आहेस?" करायचे. "बेटा, हे विज्ञान आहे. इथं घरगुती भाषा चालत नाही."

एकदा एक बाई यानाबाहेर दुरुस्तीला निघते आणि तिचा जीव जाणार हे प्रेक्षकांना कळलेलं असतं. इंग्लिशमध्ये ती म्हणते, मी जाते. मी लिहिलं, "येते." घरातून निघताना जाते म्हणायचं नसतं, हे मला शाळेनं शिकवलेलं नाही. आईनं दारात उभं राहून शिकवलंय. प्रत्येक वेळी मी जाते म्हटलं, की ती म्हणायची, "येते म्हण." सरांनी ओळ वाचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे हसले. "अगं, ती परत येणारच नाहीये! मग येते कसं?"

मी हसले. तिथं मी बरेचदा हसायचे.

खरं सांगायचं तर मूळ इंग्लिशही असंच वाईट असायचं. ते त्या इमारतीत फक्त मला दिसायचं, कारण नीट वाचायला मला त्याच एका भाषेत शिकवलं होतं. वाईट इंग्लिशचं वाईट मराठी करायचं, यासाठी माझं इंग्लिश चांगलं असणं गरजेचं होतं.

आणि मी स्वतः कुठं वेगळी बोलत होते? शाळेत मराठी बोललं की डायरीत शेरा यायचा. मधल्या सुट्टीत सगळे हिंदी बोलायचे. आई माझ्याशी मुद्दाम अर्धं इंग्लिश बोलायची, शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं म्हणून. लहानपणी एकदा काकांकडे जेवताना मी म्हणाले होते, "मी विचार करते की पाऊस येईल." सगळ्या पंगतीचे हात थांबले. मग काकू म्हणाली, "विचार नगं करू माय, छत्री घे." त्यावर सगळे जे हसले ते मला अजून ऐकू येतं.

पण आम्ही आणि आपण यांतला फरक मला कळत नाही, असं कुणी म्हणू नये. दुसरं काही म्हणावं.

मी नऊ वर्षांची होते. काका वाळूजला कंपनीत होते, तिथंच राहायचे. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. एका रविवारी त्यांच्याकडून निघताना मी तिला आनंदानं सांगितलं, "पुढच्या रविवारी आपण सर्कस बघायला जाणार आहोत." मला म्हणायचं होतं आम्ही. आई, बाबा आणि मी. आमची तीनच तिकिटं होती. शाळेत दोन्हींसाठी इंग्लिशचा 'वी' हा एकच शब्द होता आणि त्यात कोण आहे, कोण नाही हे कुणी विचारत नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही सर्कस बघून घरी आलो तेव्हा फोन वाजत होता. काकूचा आवाज आईच्या कानाबाहेर येत होता. "पोरगी सकाळपासून नवा फ्राक घालून पायरीवर बसली हाय. आत ये म्हनलं तर येत नाय. गाडी येईल म्हनती. आपण म्हनली व्हती म्हनं तुमची! आपण म्हनल्यावर पोरगी नटून बसंल नाय तर काय करंल?"

आईनं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "तू आपण म्हणालीस?"

मी हो म्हणाले. मला अजून चूक कळलीच नव्हती. आईनं समजावलं, आम्ही म्हणजे समोरचा सोडून, आपण म्हणजे समोरच्याला धरून. इतकं साधं होतं. त्या दिवसापासून हे दोन शब्द तोंडातून काढायच्या आधी मी मनात माणसं मोजते. माझी ही चुलत बहीण आता मोठी झालीय, तिला नोकरी आहे, तरी कुठल्याही लग्नात भेटली की सगळ्यांसमोर विचारते, "काय गं, आपण म्हणजे कोण कोण?" लोक हसतात. तीही हसते. पण ती पायरी ती विसरलेली नाही, आणि मीही नाही.

तर ती ओळ. मालिकेच्या शेवटच्या भागात यानाचे दोन तुकडे होत असतात. पुढच्या तुकड्यात कॅप्टन असते. मागच्या तुकड्यात तिची धाकटी बहीण आणि आणखी दोघं अडकलेले असतात. मधला दरवाजा बंद होतोय. धाकटी वायरलेसवर इंग्लिशमध्ये 'वी' म्हणूनच बोलते. संपूर्ण मालिकेत एवढी एकच जागा मला खरी वाटली होती. मी लिहिलं, "आम्ही नाही वाचणार, ताई. तू नीघ."

एक दिवस लागला मला त्या सहा शब्दांना. ताई हा शब्द मूळ संवादात नव्हता, तिथं ती कॅप्टनच म्हणत होती. पण मरताना कोण बहिणीला हुद्द्यानं हाक मारतं? 'आम्ही'वर माझा खास जीव होता. इंग्लिशला जे सांगता येत नव्हतं ते मराठी एका शब्दात सांगत होती, की यात तू नाहीस, तू वाचणार आहेस.

सरांनी लाल पेनानं केलं, "आपण वाचणार नाही, कॅप्टन. तुम्ही निघा."

रेकॉर्डिंगच्या दिवशी धाकटीचा आवाज देणाऱ्या बाई चिकलठाण्याहून आल्या होत्या. त्यांनी ओळ दोनदा वाचली आणि काचेतून बाहेर बघितलं. "सर, नक्की आपणच ना?"

"आपणच. आम्ही जरा उर्मट वाटतं हो. आपणमध्ये कसा आपलेपणा आहे."

माझ्या शेजारी आमचे साऊंडवाले भाई बसले होते. ते जुन्या शहरातले, घरात दखनी बोलणारे. मराठी ते फक्त कामापुरती बोलतात. त्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवला आणि हळूच मला म्हणाले, "मॅडम, अपन बोले तो सब आ गए ना. सब मररे, तो फिर जा किसको बोलरी?"

त्यांना कळलं होतं. त्या बाईंना कळलं होतं. कागद माझ्या मांडीवर होता आणि सर माझ्यापासून दोन हातांवर होते. मी नुसती मान हलवली, हो आणि नाही यांच्या मधली. टेक ओके झाला.

भाग अ‍ॅपवर आला आणि चार दिवसांत त्या ओळीचा व्हिडिओ-तुकडा सगळीकडं फिरायला लागला. खाली लोक लिहीत होते, 'सगळेच मरणार, मग निघून जायचं कुठं, मामाच्या गावाला?' 'वाचणार नाही म्हणजे काय, अभ्यास बाकी आहे का?' हे वाचून मला हसूही येत होतं. मग माझ्या बहिणीनं तोच तुकडा मला पाठवला. मी कुठं काम करते ते तिला माहीत होतं. खाली एकच ओळ होती. 'काय गं, आपण म्हणजे कोण कोण?'

मी उत्तर लिहायला घेतलं. ते मी नाही लिहिलं, असं. मग पुसलं. न बोलणाऱ्या माणसानं नंतर काहीही सांगितलं तरी ते सबबीसारखंच वाटतं.

मुंबईच्या बाईंनी ओळ बदलून मागितली होती. म्हणून त्या दिवशी मी आत बसून जुना टेक ऐकत होते. माझी ओळ पडद्यावरच्या ओठांवर बसते का ते बघायचं होतं. बसत होती. आधीही बसलीच असती. तेवढ्यात सरांना तो फोन आला, आणि मला कळलं की 'संवाद' खाली नाव सरांचं राहणार, फक्त ही एक ओळ माझ्या नावावर जाणार, आणि तिच्यासोबत कायमचं एक वाक्य. हिला मराठी येत नाही. बहिणीला वाटत होतं तेच आता मुंबईलाही वाटणार होतं.

फोन संपला. भाई चहा पिऊन आत आले. त्यांची नजर टॉकबॅकच्या पेटलेल्या लाल दिव्यावर गेली, मग काचेतून माझ्यावर. त्यांनी बटण सोडवलं. मी हेडफोन काढले, कागद घेतला आणि बाहेर आले.

सर वळले. मला बघून त्यांचा चेहरा मऊ झाला. एकांकिकेत असा चेहरा कधी करायचा हे त्यांना चांगलं माहीत असणार.

"ये बेटा. मुंबईचा फोन होता. मनाला लावून घेऊ नकोस, हे लोक असेच असतात." त्यांनी माझ्या पाठीवर थोपटल्यासारखं केलं. "होतं असं. आपली चूक झाली, आपण सुधारू."

मी सवयीनं मनात माणसं मोजली. त्या वाक्यात मी होते, भाई होते, कदाचित त्या चिकलठाण्याच्या बाईही होत्या. फोनवरच्या वाक्यात मी एकटी होते.

मी तो कागद त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला, लाल शाई वर येईल असा. माझा आवाज इतका लहान निघाला, की भाईंना पुढं वाकावं लागलं.

"आपली नाही, सर," मी म्हणाले. "तुमची."